दोघांच्या सहीचा अर्ज

४ फेब्रुवारी

बाईसाहेब,

माहेराहून पाठवलेलं तुझं पाकीट मिळालं. आतला अर्जही मिळाला. तू सही केलीस, तारीख घातलीस आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवलीस, म्हणजे म्हाताऱ्याने भलतीकडे सही करायला नको. एवढी काळजी घेतलीस, आभारी आहे. सही मी करणार नाही.

फोन करू नकोस. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई 'तब्येत बरी आहे ना' म्हणून डोकावतात. पत्रात निदान एक जण बोलत असताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. आपल्या संसारात ही सोय आधी करायला हवी होती.

कायदा मला समजतो, त्यासाठी चिठ्ठी जोडायची गरज नव्हती. मयताच्या आईवडिलांनी दोघांनी मिळून, एकाच कागदावर मागितलं, तर दया मंडळ फाशीची जन्मठेप करू शकतं. एकट्या आईचं चालत नाही, एकट्या बापाचं चालत नाही. दोघांचं जमलं नाही, तर निकाल आहे तसा राहतो. ज्याने हा कायदा केला त्याचं लग्न झालेलं नसणार.

तू लिहितेस, 'देवाने मला माफ करायला शिकवलं.' देवाने फार उशिरा शिकवायला घेतलं गं. आठव जरा. संध्याकाळी मी पेपर वाचायला घेतला, त्यात कुठे खून निघाला, की तू भाजी चिरता चिरता म्हणायचीस, 'लटकवा मेल्यांना.' आणि मी, बस डेपोच्या युनियनचा सेक्रेटरी, तुला समजावत बसायचो, की सरकार माणूस मारतं तेव्हा ते तुझ्यामाझ्या नावावर मारतं, आणि दोराला शेवटी गरिबाचीच मान सापडते. तू म्हणायचीस, 'भाषण सभेत करा, इथे मीठ द्या.' आपली लेक मधे बसून हसायची. आता तू भाषण करतेस आणि मी लटकवा म्हणतो. तुझा देव असलाच, तर त्याला विनोद बरा कळतो.

जावयाच्या पोटात माया होती, असं तुझं म्हणणं. का, तर त्या दुपारी बायकोचा गळा दाबायच्या आधी त्याने पोटच्या पोरीला, आपल्या भिंगरीला, शेजारी नेऊन बसवलं, तिच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि मग तो घरी परतला. अगं, न्यायाधीशांनी निकालात हेच लिहिलंय. पोरीला आधी बाजूला ठेवलं, म्हणजे रागाच्या भरात केलं नाही, ठरवून केलं, म्हणून फाशी. गोष्ट एकच. तुला त्यात बाप दिसतो, कोर्टाला त्यात कसाई दिसला. मला फक्त त्याने परतल्यावर आतून लावून घेतलेलं दार दिसतं आणि त्याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

परवा अध्यक्ष येऊन गेले. आपल्या युनियनचे जुने अध्यक्ष, आता निवडणुकीला उभे आहेत. येताना फोटोवाला आणला होता. मला मिठी मारून म्हणाले, 'मास्तर, फाशी झाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.' हेच अध्यक्ष एकेकाळी माझ्या खांद्याला खांदा लावून फाशीविरुद्धच्या मोर्चात चालले होते. मी बदललो, कारण माझी लेक गेली. त्यांच्या दोन्ही लेकी सुखात आहेत, मग ते कशाने बदलले, हे विचारायचं राहिलं. चहा मात्र छान झाला होता, मी केला असून.

भिंगरीचा फोटो मिळाला. कपाटात ठेवला आहे. बघितला का, ते विचारू नकोस.

तुझा,
कागदोपत्री नवरा

१९ फेब्रुवारी

बाईसाहेब,

भिंगरीला ताप म्हणून तू सुनावणीला आली नाहीस, ते एका परीने बरंच झालं. तू असतीस तर मला बोलता आलं नसतं.

मंडळाची खोली अगदी साधी आहे. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याच्या पेल्यांवर पुठ्ठ्याची झाकणं. मंडळाच्या प्रमुख बाई चष्मा डोक्यावर चढवून ठेवतात आणि मग तो टेबलावर शोधतात. जावई तिथे नव्हता, कैद्याला आणत नाहीत. मला खुर्ची दिली होती, पण तिचा एक पाय लंगडा होता. सगळा वेळ मी तोल सांभाळत बसलो होतो.

मी म्हटलं, मला सही करायची नाही, एवढंच सांगायला आलोय. मग त्याच्या वकीलबाई उठल्या. तरुण आहेत, आपल्या लेकीपेक्षा थोड्या लहान. त्यांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. माझं पत्रक! फाशी रद्द करा म्हणून युनियनतर्फे मी काढलेलं. कुठून पैदा केलं कोण जाणे, माझ्याकडेसुद्धा त्याची प्रत उरलेली नाही. बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं, 'प्रवाशांचा जीव सांभाळण्यासाठी आम्ही ब्रेक दुरुस्त करतो. आमच्या नावाने एखाद्याचा जीव घ्यायचा अधिकार आम्ही कुठल्याही सरकारला दिलेला नाही.' खरं सांगू? ऐकताना आधी जरा छाती फुगली. या वाक्याला तेव्हा टाळ्या पडायच्या. मग लक्षात आलं की आपलाच पाना आपल्या डोक्यात बसतोय.

प्रमुख बाईंनी विचारलं, 'हे तुम्ही लिहिलंय?'

म्हटलं, 'हो.'

'आज पटतं का तुम्हाला?'

मी म्हटलं, 'लिहिलं तेव्हा माझी लेक जिवंत होती.'

लिहून घेणारा कारकून लिहायचा थांबला. वकीलबाई खाली बसल्या.

मी जिना उतरलो तो तरंगतच. कोपऱ्यावर चहा घेतला. वाटलं, तू असतीस तर तुलाही म्हणावं लागलं असतं, की बोलले बाई आमचे हे. आणि दुसऱ्या घोटानंतर मी पेला तसाच ठेवून दिला. आपल्या पोरीच्या मरणावर मी टाळी घेऊन आलो होतो. तिच्या नावाने मला एवढंच करता आलं, एक झणझणीत उत्तर.

बाहेर अध्यक्ष पेपरवाल्यांना घेऊन उभे होते. माझं वाक्य त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचलं होतं. मला गाडीने घरी सोडतो म्हणाले. मी चालत आलो. चप्पल टाचेला लागली, अजून लंगडतोय.

माझा विचार बदललेला नाही. हे सगळं तुला सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझा,
तोच

११ मार्च

बाईसाहेब,

हे पत्र रागाने लिहितोय, पण राग तुझ्यावर नाही, म्हणून बिनघोर वाच.

आमच्या गाड्यांच्या पाठीवर जाहिराती असतात, साबण, बँका, दाताचे डॉक्टर. या आठवड्यापासून प्रत्येक गाडीच्या पाठीवर आपली लेक आहे. लग्नातला फोटो. जावयाला त्यातून कापून टाकलंय, तिच्या खांद्यावर त्याची बोटं तेवढी राहून गेलीत, कुणाच्या लक्षात आलं नाही. खाली लाल अक्षरात माझं वाक्य, 'लिहिलं तेव्हा माझी लेक जिवंत होती – एक बाप.' त्याच्याखाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो आणि 'बायकोच्या खुन्याला फाशी झालीच पाहिजे'.

सकाळी गाड्या ओळीने तपासणीच्या खड्ड्यावर येतात, मी खाली उतरून ब्रेक बघतो. वर चढतो तेव्हा ती समोर असते. पुढची गाडी येते, पुन्हा ती. पोरं माझ्याशी बोलेनाशी झालीत, कुणाला काय बोलावं ते कळत नाही. फोरमन बिचारा म्हणाला, 'मास्तर, तुम्ही थोडे दिवस स्टोअरला बसता का?' स्टोअरमध्ये खिडकी आहे आणि खिडकीतून स्टँड दिसतो. म्हटलं, खड्डाच बरा.

अध्यक्षांच्या ऑफिसात गेलो. बाहेर बसवून ठेवलं. आत गेल्यावर म्हटलं, 'साहेब, एवढं काढून टाका.' ते म्हणाले, 'मास्तर, ते वाक्य आता तुमचं राहिलेलं नाही, जनतेचं झालंय.' मी म्हटलं, 'पण लेक माझी आहे.' तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, 'ती साऱ्या समाजाची लेक आहे.' बाई, मी आयुष्यभर भाषणं केली. माझ्या भाषणाने कुणाला इतकं गुदमरल्यासारखं झालं असेल, तर त्यांनी मला माफ करावं.

अगं, मला त्याला फाशी व्हायला हवी आहे. अजून हवी आहे. मग ती जाहिरात दिसली की मी मान का फिरवतो? मला हवं तेच तर ते मागतायत. इतक्या मोठ्या आवाजात, इतक्या माणसांनी एकदम मागितलं, की ते माझं वाटतच नाही.

थकलो आहे. गुडघे बोलायला लागलेत. तुझ्याकडे त्या तेलाची बाटली आहे का, माझी संपली.

तुझा

१६ मार्च

अगं,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी. 'भिंगरीने शाळेच्या वाटेवर बस वाचली. तिने विचारलं, आजी, आईला बाबांनी मारलं का, आणि फाशी म्हणजे काय.'

तिला वाचता येतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझ्या डोक्यात ती अजून बिस्किटाचा पुडा धरून शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसलेली आहे. तिच्यासाठी बाबा लांब कामाला होते आणि आई आजारी पडून गेली होती. हे तू इतकी वर्षं सांभाळलंस. ते मी एका वाक्याने मोडलं, आणि तेही बसच्या पाठीवरून. तुमच्या गावापर्यंत आमच्याच डेपोच्या गाड्या जातात. ती गाडी मीच तपासून सोडली असणार. ब्रेक उत्तम होते.

पत्र वाचलं आणि तसाच डेपोत गेलो. हातात पातं, थिनरचा डबा. स्टँडवर उभ्या असलेल्या पहिल्या गाडीपासून सुरुवात केली. दिवसाढवळ्या, प्रवासी बघतायत, कंडक्टर ओरडतोय. आधी अध्यक्षांना खरवडलं, ते लगेच निघाले. मग वाक्य काढलं. मग ती राहिली. तिच्या चेहऱ्यावर पातं ठेवायला हात धजेना. फोरमन आला. मला वाटलं हात धरणार. तो म्हणाला, 'मास्तर, पात्याने नको. गरम हवा मारा, सोलून निघेल.' त्याने मशीन धरलं, मी कोपऱ्यापासून हळूहळू सोडवत गेलो. अख्खी निघाली, कुठेही फाटली नाही. गुंडाळून लॉकरमध्ये ठेवली. मग पुढची गाडी.

काहींनी मदत केली, काहींनी वर फोन लावले. दुपारपर्यंत मी निलंबित झालो होतो. कंपनीच्या मालमत्तेची नासधूस. रिटायर व्हायला आलेल्या माणसाला निलंबित करणं म्हणजे गाडी स्टँडात शिरल्यावर ब्रेक मारणं. असो.

आता नीट वाच. अर्ज सही करून पाठवतोय. मात्र 'आम्ही गुन्हेगारास क्षमा करून' असं त्यात छापलंय, तेवढ्यावर मी रेघ मारली आहे. वकीलबाईंना विचारलं, चालतं म्हणाल्या. त्याची माफी माझ्याकडे नाही. शोधली, सापडली नाही. आता खाली एवढंच उरतं, की त्याची फाशी रद्द करून त्याला जन्मठेप द्यावी. तेवढं मी मागतो.

तुला वाटेल, हा माणूस एका पत्रात कसा फिरला. फिरलो नाही. तिने विचारलंय ना, फाशी म्हणजे काय? मी उत्तर जुळवत बसलो. 'तुझ्या बाबांना सरकार मारणार.' 'का?' 'कारण आजोबांना तसं हवं होतं.' याच्यापुढे मला एकही ओळ सुचली नाही, आणि मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे.

आणि तुला ठाऊक असलेली गोष्ट एकदा माझ्या हाताने लिहितो. तू पोरीला घेऊन माहेरी गेलीस ती देवासाठी नाही, माझ्यासाठी गेलीस. तिचं हसणं अगदी त्याच्यावर गेलंय. ती हसली की मी ताटावरून उठायचो, आणि ती हसायची बंद होत चालली होती. मला ते दिसत होतं तरी मी उठायचोच.

रेघेच्या बाजूला तुझी छोटी सही लागेल. करून पाठव. मुदत एप्रिलअखेर आहे.

तुझा

७ एप्रिल

अगं,

अर्ज परत आला. माझी सही तशीच आहे आणि तुझ्या सहीवर तू काट मारली आहेस. मी हसलो. अगदी एकटा, स्वयंपाकघरात, मोठ्याने. आपण दोघं लग्न झाल्यापासून कधी एका वेळी घराबाहेर पडलो नाही. एक चप्पल घालून तयार, तर दुसऱ्याची किल्ली सापडत नाही.

मग तुझं पत्र वाचलं आणि हसणं गेलं.

मला न सांगता तू तुरुंगात गेलीस. तुमच्या प्रार्थनामंडळाच्या मोठ्या बाईंनी भेट ठरवली, कारण माफी तोंडावर दिली की पुरी होते, असं त्यांचं म्हणणं. जाळीपलीकडे तो बसला होता, बारीक झालाय, केस गेलेत. तू त्याला म्हणालीस, 'मी तुला माफ केलं.' त्याने मान हलवली. तिथेच उठली असतीस तर बरं झालं असतं. पण तू विचारलंस, 'पोरीला शेजारी का ठेवलंस रे? तिने बघू नये म्हणूनच ना?' आणि तो म्हणाला, 'ती रडली असती. लोक जमले असते.'

एवढंच. तू लिहितेस, तो खोटं बोलला असता तरी मला चाललं असतं.

बाई गं, मला तुझ्याजवळ असायला हवं होतं. इतकी वर्षं त्या बिस्किटाच्या पुड्यावर तू सगळी माफी उभी केलीस आणि त्याने एका वाक्यात ती काढून घेतली. तू म्हणतेस, आता मनात फक्त आग आहे, अशा मनाने सही केली तर ते देवाशी खोटं बोलणं होईल. मोठ्या बाईही म्हणाल्या, थांब, प्रार्थना कर, मन साफ होऊ दे. किती दिवस? मन साफ होईपर्यंत त्याला टांगून झालेलं असेल.

मी देवाच्या वतीने बोलत नाही, आमची ओळख नाही. पण दया मंडळ काही देवाचं ऑफिस नाही. तिथे मनं तपासत नाहीत, सह्या तपासतात. सही करायला माफ करावं लागत नाही. मी कुठे केलंय? अजून सकाळी जाग आली की पहिला विचार येतो, हा अजून श्वास घेतोय. तुझं पत्र वाचून तर वाटलं, जाळीतून हात घालून आपणच... पण मला वाटणं एक आणि मी सरकारकडे मागणं दुसरं. मला पुष्कळ गोष्टी वाटतात. अध्यक्षांबद्दल काय वाटतं ते लिहिलं तर तू हे पत्र भिंगरीच्या हाती लागू देणार नाहीस.

मंडळासमोर मी ते उत्तर दिलं ना, त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला आता सुचतंय, नेहमीप्रमाणे बस गेल्यावर. लेक जिवंत असताना फाशीला विरोध करणं फुकट असतं. तेव्हा मला काय पडणार होतं? टाळ्या मिळत होत्या. ते पत्रक खरं होतं की नुसतं छापलेलं, हे ठरवायची वेळ आत्ता आली आहे, आणि ती यावी असं मी कधीच म्हटलं नव्हतं.

तो वाईट माणूस आहे. तुझ्या मनात इतकी वर्षं एक बरा माणूस होता आणि त्याला वाचवायला तू निघाली होतीस. तो माणूस नव्हताच. आता जो आहे, त्याच्यासाठी सही करायची आहे. बऱ्या माणसासाठी ती कुणीही केली असती.

त्याचा जीव आपल्याला देऊ करतायत गं. घेऊन ठेवायचा कुठे? तुझ्या माहेरी दोन खोल्या आणि त्यात वाढती पोर. ती मोठी होणार, एक दिवस दारात उभी राहून विचारणार. 'बाबा तुरुंगात आहे' हे वाईट उत्तर आहे, पण ते देता येतं. दुसरं उत्तर तू देशील का तिला? मला तरी देता येणार नाही.

नवा अर्ज जोडला आहे. यात माफीचा शब्दच नाही, वकीलबाईंनी टाइप करून दिला. फुली मारलेली नाही. सही कुठे करायची, तुला कळतं. केली नाहीस, तरी मी तुला कधी बोल लावणार नाही. हे मी लिहून देतो, तोंडी दिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

जेवत जा. मोठ्या बाईंनी उपास सांगितला असेल, तर मला त्यांचा पत्ता दे.

तुझा

९ मे

अगं,

निकाल लागला. वकीलबाई स्वतः घरी आल्या, तुला फोन केला असेल. फाशी रद्द, मरेपर्यंत तुरुंग. त्या दारातच उभ्या होत्या, आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाल्या, 'काका, तुमचं पत्रक मी तिथे वाचायला नको होतं.' मी म्हटलं, 'वाचलंत ते बरं झालं, मी विसरलो होतो.' मग आत आल्या, चहा घेतला.

तू सही कशी केलीस, ते मी विचारणार नाही. सहीआधी पेन दोनदा टेकवून उचलल्याचे ठिपके होते. तेवढं मी पाहिलं.

अध्यक्ष निवडून आले. सभेत म्हणाले, काही बाप लेकीच्या रक्ताशी बेइमानी करतात. नाव घेतलं नाही, एवढी जुनी ओळख पाळली. दारावर कुणीतरी काळं फासून गेलं होतं. थिनर घरात होतंच. शेजारच्या बाई आता बोलत नाहीत. फोरमन येतो, भाजी आणून देतो, आणि निलंबनाचं बघतो म्हणतो. होईल काय व्हायचं ते.

पण तुला लिहायचं होतं ते हे नाही.

निकाल कळला त्या दिवशी मी जेवलो. भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सवयीने कागदांची पिशवी घेतली आणि दारात थबकलो. जायचं कुठे? ना कोर्ट, ना मंडळ, ना वकील. इतकी वर्षं ती पिशवी घेऊन निघालो की वाटायचं, लेकीच्या कामाला चाललोय. तिचं काहीतरी अजून बाकी आहे, ते मी करतोय. आधी त्याला फासावर चढवायचं काम होतं, मग उतरवायचं. कसंही असो, तिचंच होतं. आता तिचं काहीच काम उरलं नाही.

मी तिथेच पायरीवर बसलो. ती मेली आहे, हे मला त्या सकाळी कळलं. इतके दिवस तिचा खून झालेला होता. ती मेलेली नव्हती.

मग रडलो. लेक जन्मली तेव्हा रडलो होतो, त्यानंतर आत्ता. तिला दाखवायला आणली तेव्हाची मूठ आठवली. परीक्षेला जाताना माझंच पेन लागायचं, ते आठवलं. तू भांडलीस की माझ्या बाजूने आणि मी भांडलो की तुझ्या बाजूने बोलायची, ते. खटल्यात यातलं काहीच कधी कुणी विचारलं नव्हतं. तिथे ती फक्त मयत होती. मीसुद्धा तिला त्याच नावाने ओळखायला लागलो होतो.

कपाट उघडून भिंगरीचा फोटो काढला. हसतेय. हसणं त्याचंच आहे, माझी नजर चुकली नव्हती. पुष्कळ वेळ बघत बसलो. आता ते तिचं आहे. त्याला त्याचं काय उरलंय?

मला तिकडे यायचं आहे. निलंबित माणसाला रजा मागावी लागत नाही. तिला आधी विचार. आजोबा आलेला चालेल का, असं सरळ विचार आणि ती नाही म्हणाली तर तिला समजावत बसू नकोस, मला कळव, मी पुन्हा विचारीन.

तिची आई कशी मेली, हे तिला बसच्या पाठीवरून कळलं. कशी जगली, हे सांगणारी माणसं आता तू आणि मी, दोघंच आहोत. एकट्याला सगळं आठवत नाही. मी सुरू करीन, चुकलो तर तू मधेच तोडून सांग.

तुझा,
भिंगरीचा आजोबा